फौजीच्या फोटोची काच

१

"बाबू, याच्यात माह्या पोराचं तोंड नाही."

बंजारा तांड्यावरच्या सुखीबाईनं ओढणीआडून फ्रेम काढली आणि नीळकंठ बक्षींच्या टेबलावर उताणी ठेवली. दिग्रसच्या बाजारात बक्षींचा स्टुडिओ वडिलांपासूनचा. कापसाच्या जिनच्या शेटजींपासून नव्या नवरानवरीपर्यंत सगळ्यांची तोंडं तिथंच कागदावर उतरायची. फोटो काळा आला, वाकडा आला, अशी कुरकुर करणारे पुष्कळ येऊन गेले होते. तोंडच नाही म्हणणारं कुणी आजवर आलं नव्हतं.

नीळकंठची थोरली बहीण कुंदा त्याचा डबा घेऊन तेव्हाच आली होती. भावजय बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून ही कामगिरी तिच्याकडे. लग्नानंतर वर्षभरातच ती विधवा होऊन परत आली आणि तेव्हापासून मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. गणिताच्या बाईला एक खोड असते. उत्तर चुकलं म्हणून ती गप्प बसत नाही, नेमकं कुठं चुकलं ते शोधल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही. तिनं डबा बाजूला ठेवला आणि फ्रेम उचलली.

फोटोवर दाट धुकं उतरलं होतं. खुर्चीत सुखीबाई, तिच्यामागं गणवेशातला तिचा मुलगा रूपसिंग. म्हणजे तो असावा, एवढंच कळत होतं. गणवेशाची बटणं, आईच्या अंगावरची चांदी, सगळं दिव्यासारखं फुलून आलं होतं आणि त्या उजेडात मुलाचं डोकं साफ विरघळून गेलं होतं. काचेच्या एका कोपऱ्यात, लाकडाला लागून, तपकिरी डाग होता. वॉर्निश असेल, असं कुंदाला वाटलं.

"हा पाहा त्याचा हात माह्या खांद्यावर," सुखीबाई बोट ठेवत म्हणाली. "ल्हानपणी विळा लागलता त्याले. आंगठ्यावर आडवी खूण होती. ते बी दिसत नाही. मी रोज पुसतो काच, रोज पाह्यतो."

"अहो सुखीबाई, मी तेव्हाच बोललो होतो नं," नीळकंठ घाईघाईनं म्हणाला. "पुढच्या सुट्टीत आला की दुसरा काढून देईन, फुकट. तोवर हा ठेवा."

"तार आली, बाबू."

सीमेवरची लढाई थांबून बरेच दिवस झाले होते. दिवाळीआधी अर्ध्या सुट्टीतून रूपसिंगला माघारी बोलावणं आलं, आणि पलटणीकडं जाण्याआधी त्याच्या याडीनं, आईनं, हट्टानं त्याला या स्टुडिओत उभं केलं होतं. आता तारेत लिहून आलं होतं की त्याचा ठावठिकाणा लागत नाही.

"त्याचा दुसरा फोटो कोनताच नाही," सुखीबाई म्हणाली. "सुनेले दिवस गेले हायेत. उद्या लेकरू इचारीन, माहा बाप कसा होता. त्याले मी काय दाखवू? हे धुकं?"

"सुखीबाई, लेन्सच कुणी घासून ठेवली तर मी काय करू? तुमच्याच पुतण्याची करणी आहे. म्हणून तर मी देवसिंगाला कामावरून काढलं."

"म्हणून मी बी त्याच्या हातचं पानी पेत नाही." म्हातारीचा आवाज चिरकला. "पर तो माह्या दिराचं लेकरू हाय. मले खरं सांगा, त्यानंच केलं का? आनि माह्या पोराचं तोंड कोठी हाय का नाही, तेवढं पाहून द्या."

कुंदानं फ्रेम म्हातारीच्या हातात परत दिली.

"मी बघते," ती म्हणाली. "तांड्यावर येऊन सांगते तुम्हाला."

बोलून गेली खरी. आपण कुणाला शोधायला निघतो आहोत याची तिला तेव्हा काय कल्पना!

२

सुखीबाई गेल्यावर नीळकंठनं कपाटातून लेन्स काढली. वडिलांनी नागपूरच्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली ती विलायती लेन्स म्हणजे घरातलं दुसरं देवघर. कुंदानं ती खिडकीशी धरली. भिंगाच्या मध्यावर बारीक ओरखड्यांची वर्तुळंच वर्तुळं होती, एकात एक.

"राख," नीळकंठ दातओठ खात म्हणाला. "खंडेनवमीला पूजेसाठी कॅमेरा स्वच्छ कर म्हटलं. त्यानं पितळेबरोबर भिंगही राखेनं घासलं. सोन्यासारखी लेन्स मातीत घातली गाढवानं!"

"तू पाहिलंस घासताना?"

"पाहायला कशाला हवं? दुसरं कोण घासणार?"

असं बोलणारी माणसं कुंदाला वर्गात रोज भेटत. ती दारातल्या काचेच्या पेटीपाशी गेली. त्यात गिऱ्हाइकांना भुलवायला नवेनवे फोटो लावलेले असत. जिनच्या मुनीमजींचं कुटुंब ओळीनं उभं होतं. त्यांची धाकटी शोभा कुंदाच्याच वर्गातली. पोरीनं मुठीत आपट्याची पानं धरली होती आणि पानाची शीरन् शीर मोजता येत होती.

"निळू, हा फोटो कधीचा?"

"दसऱ्याचा. सोनं लुटून आले तसेच सगळे इकडं आले."

"याच लेन्सनं काढलास?"

"मग काय चाळणीतून काढला?"

"खंडेनवमी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. देवसिंगानं तेव्हा लेन्स राखेनं घासली असती, तर दुसऱ्या दिवशी या पानांच्या शिरा कुठून दिसल्या?"

नीळकंठ पेटीजवळ येऊन फोटोकडं असा बघायला लागला, जणू तो दुसऱ्याच कुणी काढला होता.

"उगाच पोराला हाकललंस," कुंदा म्हणाली. तिला भावाचा मनापासून राग आला. "त्याच्या काकीनं त्याच्या हातचं पाणी सोडलं, निळू."

"मग लखीराम!" नीळकंठ एकदम उसळला. "दसऱ्यानंतर तोच आला होता. लेन्स हातात घेऊन उलटीपालटी करत होता. जुनी झाली, नवी घ्या, म्हणून किती दिवस मागं लागलाय. त्यानंच केलं असणार!"

लखीराम यवतमाळहून बसनं यायचा. प्लेटा, कागद, औषधं असा फोटोच्या सामानाची ट्रंक घेऊन तो गावोगाव हिंडे. त्या दिवशीही तो दिग्रसमध्येच होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात ट्रंकेवर बसून तो चहा पीत होता. कुंदानं आडपडदा न ठेवता विचारलं, तसा त्यानं कप खाली ठेवला.

"मी कशाला खराब करू, बाई? ती लेन्स पाहून तर मले रडू येते. अशी आता पैसे देऊन भेटत नाही."

"मग हातात घेऊन काय बघत होतात?"

"पुसून पाह्यली का ते. तुमच्या भावानं नवरात्रात माह्याकून साफ करायचा नकली सेट घेतला. रबरी फुगा, कातडं, बाटली. मले धाकधूक होती. पर तेव्हा लेन्स साफ होती. बक्षी बोलले, फुगा पूजेले ठेवला होता, अजून वापरला नाही."

"नकली माहीत होता, तर विकलात कशाला?"

लखीरामचा चेहरा पडला. "लोक तेच मांगतात, बाई. मी असली बी दाखवला होता. हा पाहा." त्यानं ट्रंकेतून एक काळा रबरी फुगा काढला. पुढं लांब नळी, मागं बारीक जाळीचं भोक. "दाबला का हवा नळीतून जाते, सोडला का मांगच्या जाळीतून येते. मधात पडदा हाय. नकलीले मांगून भोकच नाही. जिथून फुंकते तिथूनच वढते. नळीपुढं जे असंन ते पोटात घेते, आनि पुढच्या टायमाले भिंगावर थुंकते. मी सांगितलं होतं तुमच्या भावाले. तर बोलले, फुंकायचंच तर आहे, त्याला पाव किमतीतला चालतो."

कुंदा उठलीच. फुगा पूजेला ठेवला होता. आणि पूजेच्या पाटाभोवती काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

३

शाळेची काळी पाटी घेऊनच ती स्टुडिओत परतली. नीळकंठनं खणातून टिनाची डबी काढून दिली. आत फुगा होता. वरून बघितलं तर असलीच्या तोंडात मारेल असा! तेच काळं रबर, तशीच नळी, उलट जरा जास्तच चकचकीत. मागं मात्र जाळी नव्हती. जाळीच्या जागी वाळलेल्या कुंकवाचा ठसा होता.

तिनं नळी पाटीवर धरली आणि फुगा दाबला.

फुस्स करून पांढरी भुकटी पाटीवर पडली. मधूनमधून गुलाबी कण चमकत होते. कुंदानं चिमटीत घेऊन चोळली. खरखरीत लागली. मग तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, ती भुकटी एका काचेवर टाकली आणि डबीतल्या कातड्यानं गोल गोल पुसली.

"अगं ताई, काय करतेस! चष्मा आहे तो!"

तिनं चष्मा खिडकीशी धरला. बारीक ओरखड्यांची वर्तुळं, एकात एक.

"ही रांगोळी आहे, निळू. गारगोटी कुटून केलेली. त्यात गुलाल मिसळायची सवय या घरात फक्त मला आहे."

खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची, हा बक्षींच्या घरचा शिरस्ता. कॅमेरा, तिपाई, कात्री, सगळं स्टुडिओतच पाटावर मांडलं जाई. रांगोळी पहाटे कुंदा घाले आणि पूजेआधी निघून जाई. कुंकवाला तू हात लावू नकोस, असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. तीच लावत नसे. यंदाही पाटाभोवती भरगच्च रांगोळी काढून ती शाळेत गेली होती.

"फुग्याची नळी पाटाबाहेर आली असणार," ती म्हणाली. "थेट रांगोळीत. प्रत्येक वस्तूला कुंकू लावतात, तसं कुणीतरी फुग्यालाही लावलं. फुगा मऊ. अंगठा दाबला गेला, उचलला, आणि फुग्यानं रांगोळी ओढली. असली फुगा असता तर मागच्या जाळीतून हवा घेतली असती, रांगोळीचा कणही आत गेला नसता. तू पहिल्यांदा वापरलास कधी?"

नीळकंठ खुर्चीत बसला. "फौजीच्या फोटोला. म्हटलं, देशासाठी चाललाय पोरगा, नव्या सामानाची सुरुवात त्याच्यापासून करू. आधी एक प्लेट घेतली. म्हातारी हलली. चांदीच्या नुसत्या रेघा उठल्या असत्या. मग वाटलं, दुसरी घेण्याआधी लेन्सही साफ करावी. फुंकलं, आणि कातड्यानं पुसलं. चांगलं जोर लावून पुसलं." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "फुंकायचंच तर होतं गं, ताई."

पण कुंदाचं लक्ष दुसऱ्याच शब्दावर होतं.

"आधी एक प्लेट घेतलीस? पुसण्याआधी?"

"हो."

"म्हणजे त्या प्लेटीत म्हातारी हललेली असेल. पण रूपसिंग? तो फौजी माणूस, तो हलला होता का?"

"खांबासारखा उभा होता." नीळकंठनं मान वर केली. "ताई... त्यात त्याचं तोंड लख्ख असणार."

"कुठं आहे ती प्लेट?"

त्या वेळी फोटो काचेच्या प्लेटीवर उतरत. प्लेटांचा दुष्काळ होता, काच कुणी फेकत नसे. बिघडलेली प्लेट सोड्याच्या कढत पाण्यात बुडवायची, वरचा थर सुटला की घासून काढायचा, आणि ती काच फ्रेमला वापरायची.

"औषधातून काढून नीट न बघताच सोड्याच्या घमेल्यात टाकली होती," नीळकंठ पुटपुटला. "पुढचं देवसिंग करायचा. नंतर त्याला काढलं. धुतली की राहिली, देव जाणे."

कुंदानं सोड्याचं घमेलं पाहिलं, मागचं कपाट उपसलं, काचांचे ढीग उचकले. प्लेट नव्हती. देवसिंगानं ती जपून नेली असेल तर? भावाचा चेहरा आहे म्हणून?

निघताना तिनं फुगा पुन्हा निरखला. ठसा रुंद होता. नीळकंठचा अंगठा औषधांनी काळवंडलेला, निमुळता.

"पूजा कुणी केली होती?"

"मला गिऱ्हाईक होतं. देवसिंगाला म्हटलं, तूच लाव कुंकू."

म्हणजे फिरून सगळं त्या पोरावरच येत होतं. आणि तेव्हा कुंदाला ठशातली एक गोष्ट दिसली. कुंकवाच्या मधोमध एक आडवी रेघ कोरी राहिली होती.

४

पुसदच्या बसनं ती फाट्यावर उतरली आणि तांड्याच्या वाटेला लागली. दोन्हीकडं कापूस फुटला होता. देवसिंग वेचणीतच होता. बाईंना बघून तो कमरेची झोळी सोडायची विसरून तसाच धावत आला.

"देवसिंग, अंगठा दाखव."

पोरानं बावचळून दोन्ही अंगठे पुढं केले. बोंडांच्या काट्यांनी ओरबाडलेले होते, पण आडवी खूण एकावरही नव्हती. कुंदानं डोळे मिटले. उत्तर तिला येतानाच दिसलं होतं. ते चुकावं एवढीच तिची इच्छा होती.

"फुग्याला कुंकू तू लावलंस?"

"नाही, बाई. रूपसिंग सुट्टीवर आलता, मले भेटाले दुकानात आला. मीच म्हटलं, तू फौजी, हत्याराची पूजा तुह्याच हातची पायजे." देवसिंगच्या ओठांवर एवढंसं हसू आलं. "त्यानं साऱ्याइले आंगठा टेकवला. फुग्यात आंगठा घुसला, तर हसाले लागला. म्हणे, हे कोनतं हत्यार रे, भाऊ?"

कुंदानं मग त्याला सगळं सांगितलं. फुगा, रांगोळी, जाळी. पोराच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"म्हणजे त्याच्याच हातानं..."

"तो काय करणार रे? फुगाच खोटा होता. आता मला एवढंच सांग, पहिली प्लेट कुठं आहे? तू ठेवलीस नं कुठं?"

देवसिंगनं कमरेची झोळी सोडून बांधावर ठेवली.

"मी धुतली, बाई."

"नीट आठव."

"आठवते ना. धुवायच्या आंधी उजेडात धरून पाह्यली. प्लेटीत उलटं असते सारं, तोंड काळं, मिशी पांढरी. पर त्याचंच होतं. डोळे बी कसे साफ! मी म्हटलं, दुसरी चांगली निंगाली हाय, बाबू बोलले हे फेकाची. घासली मंग. थर लवकर निंघत नव्हता, दाढीच्या पत्तीनं खरवडला." त्यानं तोंड फिरवलं. "माह्याच हातानं खरवडला, बाई."

वाऱ्यानं कापसाचे पुंजके हलत होते. कुंदाला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि तेवढंही जमलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "मग ती काच कुठं गेली?"

"बाबू बोलले, फौजीच्या मायले फ्रेम फुकट दे, काच घरचीच लाव. तेच मापात बसली." देवसिंगनं तांड्याकडं हात केला. "काकीच्या भिंतीवर हाय."

५

सुखीबाईनं कुंदाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली. देवसिंग दाराबाहेरच थांबला. भिंतीवर ती फ्रेम टांगलेली होती, चकचकीत पुसलेली.

"देवसिंगानं काही केलं नाही," कुंदा म्हणाली. "चूक माझ्या भावाची. त्यानं पुसायचा फुगा स्वस्तातला, नकली घेतला. त्यात पूजेची रांगोळी शिरली आणि तिनं लेन्स खरवडली."

सुखीबाईनं दाराकडं पाहिलं. "आत ये ना रे. काहून उभा हायेस?" मग कुंदाकडं वळून म्हणाली, "फुग्यात रांगोळी भरली कोनं?"

दारातल्या देवसिंगनं मान खाली घातली. शाळेत कुंदा मुलींना सांगायची, उत्तर पुरतं लिहा, एकही पायरी गाळू नका.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "फुगाच तसा. समोर असेल ते ओढून घेतो."

"आनि माह्या पोराचं तोंड?"

कुंदा उठली. तिनं फ्रेम उतरवली, मागचे खिळे वाकवले आणि काच अलगद बाहेर काढली. लाकडाखाली दडलेला कोपरा उघडा पडला. वॉर्निश नव्हतंच ते. देवसिंगच्या पत्तीतून वाचलेला, नखाएवढा थर होता. तिनं काच दारातल्या उजेडात धरली आणि चष्मा लावला. एका काचेतून धुरकट दिसलं, म्हणून तो डोळा मिटला.

"सुखीबाई, आधी काढलेला फोटो याच काचेवर होता. धुतला गेला. एवढाच राहिलाय."

म्हातारी डोळे बारीक करून बघत राहिली. त्या नखाएवढ्या तुकड्यात बुटाचं टोक होतं. काळ्याचं पांढरं झालेलं, पण लख्ख. नाडीची प्रत्येक गाठ, टोकाजवळची शिवणसुद्धा दिसत होती.

"बूट हाय हा त्याचा," सुखीबाई हळूच म्हणाली. "त्या दिशी मीच तेल लावून पुसला होता. तो म्हणे, राहू दे याडी, फोटोत पाय कोन पाह्यते?"

ती रडली नाही. तिनं काच दोन्ही हातांनी मांडीवर घेतली. सवयीनं ओढणीचं टोक उचललं, काचेपर्यंत नेलं आणि तिथंच तिचा हात थांबला.

"बाई," तिनं विचारलं, "आता हे काच मी पुसू का नको?"

कुंदा तिच्याशेजारी जमिनीवर बसली, आणि सुखीबाई ओढणीचं टोक तसंच वर धरून तिच्या उत्तराची वाट बघत राहिली.